‘ते मी केलं’ म्हणणारे शिमोनबाबा

शिमोनबाबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खांडबारा स्टेशनवर. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून मी नगरकडून आलो होतो. इथली बोलीही मला कळत नव्हती. इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक स्वतः बैलगाडी घेऊन न्यायला येतील, असं वाटलं नव्हतं. त्यांनी माझी ट्रंक गाडीत चढवली आणि म्हणाले, "वसंतराव, इथं औषध कमी पडेल. रोगी कधी कमी पडणार नाहीत."

त्या बाबांना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथातल्या या लेखाची परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "उपकारस्तुतीच्या सभेचं लिहिणार असाल, तरच बाकीचं लिहा." म्हणून तेच लिहितो.

बाबा याच मुलखातल्या गावित घरातले. त्यांच्या घरात पहिला बाप्तिस्मा त्यांनीच घेतला. डोंगरातल्या पाड्यांवर ते पायी जात. शाळा काढायला त्यांनी स्वतः भिंती लिंपल्या. पटकीच्या घरात शिरायला नातेवाईकही कचरत, तिथं बाबा जाऊन रोग्याचं डोकं मांडीवर घेत. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "माझा दिवस देवानं कधीच नेमून ठेवलाय. तो मागंपुढं व्हायचा नाही." त्यांचं धैर्य या श्रद्धेतून आलेलं होतं. पुढचा घातही तिच्यातूनच झाला.

मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची साथ आली ते पीक निघण्याचे दिवस होते. आगगाडीच्या वाटेवरच्या गावांतून माणसं पटापट मरत असल्याच्या बातम्या येत होत्या. इकडे पिकाबद्दल देवाचे आभार मानायची मंडळीची उपकारस्तुतीची सभा ठरलेली. मी बाबांकडे गेलो. "बाबा, या वेळी माणसं एकत्र आणू नका. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागतो."

"ज्याला जायचंय तो घरात बसूनही जाईल, वसंतराव. देवाला सगळं आधीच माहीत आहे. आपण सभा मोडल्यानं त्यात काय फरक पडणार?"

मी पुन्हा म्हणालो, "तरीपण..." बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी विशीतला, ते मंडळीचे वडील. मी गप्प बसलो.

सभा झाली. मंडळीचं देऊळ माणसांनी भरून गेलं. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या सोनूबाई तापीकाठच्या एका गावातून विधवा होऊन इथं आलेल्या. त्यांच्या दोघी मुली, रूथ आणि इंदू, पहिल्या ओळीत उभ्या राहून गायल्या. आठवड्याच्या आत घरोघरी ताप शिरला. औषध म्हणून माझ्यापाशी जे होतं ते पाण्यासारखं ठरलं. रूथ सकाळी गेली, इंदू त्याच दिवशी दुपारी. दोघींना एकाच खड्ड्यात ठेवावं लागलं, कारण दुसरा खणायला माणसं उरली नव्हती.

बाबांनी प्रार्थना संपवून "देवाची इच्छा" असे शब्द उच्चारले, तशा सोनूबाई पुढे आल्या.

"बाबा, देवले आधीच ठाऊक व्हतं ना? मंग त्यानी तुमले रोकं काबरं नही?"

बाबा खड्ड्यात माती लोटू लागले. त्यानंतर कितीतरी दिवस ते रोग्यांचं सगळं करत राहिले, पण कुणाशी बोलले नाहीत.

साथ ओसरल्यावरच्या पहिल्या रविवारी देवळात निम्मी माणसं होती. बाबा व्यासपीठावर चढले नाहीत. खालीच उभं राहून बोलले.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. देवाला काल नाही, उद्या नाही. आपला जन्म आणि आपलं मरण त्याच्यापुढं एकाच वेळी उघडं आहे. मी सभा भरवायची ठरवली, ती घडीही त्याला दिसत होती. पण दिसणं म्हणजे करायला लावणं नव्हे. ते मी केलं. मी नको म्हणू शकत होतो. सोनूबाईंनी विचारलं, देवानं तुम्हाला अडवलं का नाही? त्यानं अडवलं होतं. कंपाउंडरच्या तोंडून अडवलं. मी ऐकलं नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला मात्र माझं ते अर्धवट ‘तरीपण’ ऐकू येत होतं. देवानं माझं तोंड वापरलं असेल, तर ते मिटलं माझं मीच.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला. "इथून जावं हीच देवाची इच्छा दिसते," असं मी बाबांना म्हणालो. त्यांनी कागद वाचून परत दिला. "जायचं असेल तर जरूर जा. पण मी जातोय असं म्हणा. त्याच्या नावावर ढकलू नका." मी राहिलो. आजवर राहिलो.

बाबांनी पाळकपद सोडण्याची तयारी दाखवली होती, मंडळीनं ती मानली नाही. पुढं गावात देवीची साथ आली, पटकीची आली. सगळ्यांच्या आधी सभा बंद करणारे बाबाच असत. कुणाच्या प्रेतापाशी त्यांनी पुन्हा ‘देवाची इच्छा’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते मुकाट्यानं शेजारी बसत. सोनूबाई देवळात परत आल्या नाहीत. बाबा दर आठवड्याला त्यांच्या दारी जात, ओसरीच्या कडेला टेकत. पहिली काही वर्षं त्या दार लावून घेत. मग दार उघडं राहू लागलं. एवढंच. त्यांनी क्षमा केली असं मी लिहिणार नाही. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

या ग्रंथासाठी सोनूबाईंकडे काही मागावं की नाही, याचा मी फार विचार केला. शेवटी गेलो. आता त्यांना नीट दिसत नाही. बाबांसाठी देवाकडे काय मागू, असं विचारलं.

"त्यास्ले जगू द्या," त्या म्हणाल्या. "बाबा जित्ता शेतस तोवर मन्ह्या पोरीस्नं नाव लेनारं एक मानूस शे."

बाबा, आमच्या सर्वांच्या वतीनं देवाकडे आम्हीही तेवढंच मागतो. आपण निरोगी राहावं, आणि खूप वर्षं जगावं.