समुद्राच्या बाजूची सीट

वर्लिन टॅकेटचा ट्रक चौतीस वर्षं माझ्या वजनकाट्यावरून गेला. रीड्सपोर्टच्या लाकूडगिरणीत फाटकाजवळ काचेची एक खोली आहे, तिथं मी बसतो. डोंगरातून ओंडके भरून ट्रक आला की वजन घ्यायचं, पावती फाडायची आणि हात हलवून पुढे सोडायचं, एवढंच माझं काम. वर्लिनच्या दिवसाला तीन खेपा व्हायच्या. इतर ड्रायव्हर पावती घेता घेता पावसाला शिव्या घालायचे, नाहीतर कुणाच्या तरी बायकोबद्दल काहीतरी सांगून जायचे. वर्लिन फक्त बोट वर करायचा. उंच माणूस, मान जाड, डावा हात खिडकीबाहेर राहून उजव्यापेक्षा दोन छटा काळा पडलेला.

समुद्र आमच्या गावापासून पाच मैलांवर. पण ओंडके समुद्रात उगवत नाहीत. त्यामुळे वर्लिनचा ट्रक रोज समुद्राकडे पाठ करून निघायचा आणि गिरणीशी येऊन थांबायचा. त्याची बायको नोरीन पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, बर्न्सजवळची. तिकडे मैलोन् मैल वाळकं गवत आणि वारा. लग्न ठरलं तेव्हा वर्लिननं तिला शब्द दिला होता, की सगळा किनारा दाखवीन, वरच्या टोकापासून पार मेक्सिकोच्या सीमेपर्यंत. नोरीन आली, शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तीनशे पोरांचं जेवण रांधू लागली. टॅमी नावाची मुलगी झाली, मोठी झाली, लग्न करून आयडाहोला गेली. किनारा राहिला.

राहिला म्हणजे विसरला नव्हता. मला ते कळलं ते एकदा वर्लिननं काट्यावर ट्रक उभा करून चुकलेल्या पावत्या मागितल्या तेव्हा.

"कशाला रे?" मी विचारलं.

"मागची बाजू कोरी असते ना. लिहायला."

त्या कोऱ्या बाजूंवर तो रस्ता लिहीत होता. कुठं चढ, कुठं उतार, कुठल्या वळणावर गाडी बाजूला घेता येते, कुठं कडेला कठडा नाही. जे त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं ते दुसऱ्या ड्रायव्हरांना विचारून लिहायचा. नोरीनची यादी वेगळी होती. बँडनला खेकडे, मॉरो बेला तिसऱ्या-शिंपल्यांचं दाट सूप, कुठल्याशा गावात ऑलालीबेरी या फळाची पाय-पेस्ट्री. ती म्हणायची, "हा नुसता घाट खाणार आहे. मला जेवायला लागतं."

"वरून खाली जायचं, रॉस," एकदा त्यानं मला समजावून सांगितलं. "खालून वर नाही. का, सांग."

"का?"

"खाली जाताना समुद्र उजव्या हाताला. मी डावीकडे चाकामागे, नोरीन उजवीकडे. मध्ये समोरून येणाऱ्या गाड्या नाहीत, काही नाही. काच खाली केली की समुद्र."

"आणि तुला काय दिसणार?"

"मला रस्ता दिसेल. मला रस्ता आवडतो."

बासष्टावं लागलं की मे महिन्यात काम सोडायचं आणि निघायचं, असं ठरलं. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी विंचेस्टर बेच्या एका विधवा बाईकडून जुनी व्हॅन घेतली. वर्लिननं आत पलंग बसवला, दोन शेगड्या बसवल्या. नोरीननं पिवळे पडदे शिवले. मला बोलावून दाखवलं. पलंग एवढा आखूड होता की वर्लिनचे पाय दारापर्यंत येत.

"झोपणार कसा?" मी म्हणालो.

"तिरका," तो म्हणाला, आणि हसला. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

ऑक्टोबरात, दुपारच्या खेपेला, त्याचा ट्रक काट्यावर चढला. मी वजन घेतलं, पावती फाडली, हात हलवला. ट्रक हलेना. मागच्यानं हॉर्न दिला. मी बाहेर जाऊन पायरीवर चढलो तर वर्लिनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, डोळे वर, आणि सगळं अंग थडथड उडत होतं. पाय ब्रेकवर रुतला होता, एवढंच दैव. दहा मिनिटं आधी तो घाटात होता आणि त्या रस्त्यावर शाळेची बस असते.

रोझबर्गच्या डॉक्टरांनी सांगितलं, वीस-बावीस वर्षांपूर्वी ओंडके आवळायची साखळी सुटून डोक्याला लागली होती, त्याचा आत व्रण राहिलाय, त्यामुळे फिट आली. ट्रक कायमचा बंद. साधी गाडी चालवायची तर सलग सहा महिने फिट यायला नको. मग लायसन परत मागता येईल.

वर्लिननं सहा महिने मोजायला सुरुवात केली. ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे मे महिन्याचं जमतंय. औषध वेळेवर घ्यायचा, बिअर सोडली, दिवसभर घरात बसून पावत्यांवर लिहायचा. मार्चमध्ये सकाळी दाढी करताना पुन्हा पडला. गालाला पाच टाके. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ऑगस्टमध्ये पाच महिने भरले आणि नोरीनच्या डोळ्यांदेखत अंगणात तिसरा झटका आला.

त्यानंतर एका रविवारी तो माझ्याकडे आला. चालत. आमच्या घरांमध्ये दोन मैल आहेत.

"नोरीनला गाडी शिकवायचीय," तो म्हणाला.

नोरीन त्या वेळी साठीची. सोळाव्या वर्षी तिच्या बापानं तिला पहिल्यांदा चाकामागे बसवलं आणि तिनं गाडी मागे घेताना शेजाऱ्यांचा कुत्रा चिरडला. त्यानंतर तिनं चाकाला हात लावला नव्हता. शाळा चालत जाण्याएवढी जवळ, बाकी सगळीकडे वर्लिन होता.

"ती तयार आहे?"

"नाही. पण होईल. अडचण माझी आहे. शिकणाऱ्याच्या बाजूला लायसनवाला माणूस लागतो. तो मी नाही आता."

म्हणून मी बाजूला बसलो आणि वर्लिन मागे. शाळेचं मैदान रविवारी रिकामं असायचं. नोरीननं चष्मा पुसला, सीट पुढे घेतली, इतकी की पोट चाकाला लागलं.

"ब्रेक सोड," मागून वर्लिन.

"सोडलाय."

"सोडला असता तर आपण पुढे गेलो असतो."

"रॉस, याला सांग गप्प बसायला."

"वर्लिन, गप्प बस."

"मी कुठं काय बोललो? आरशात बघ. दुसऱ्या आरशात. अगं, तो नाही, तो तुझं तोंड बघायचा आहे."

गाडी थांबवून ती खाली उतरली, मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिथंच पाठ करून उभी राहिली. वर्लिन काचेतून बघत होता. "चौतीस वर्षं मी कुणाला ओरडलो नाही," तो म्हणाला. "ट्रकमध्ये कुणी नसायचंच."

तरी ती शिकली. सगळा हिवाळा आम्ही दर रविवारी जात होतो. परीक्षेत एकदा नापास झाली, गाडी उभी करताना फूटपाथवर चढवली म्हणून. दुसऱ्यांदा पास झाली. शाळेतल्या बायकांनी केक आणला. वर्लिननं तिचं लायसन हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "वजनाच्या रकान्यात कमी लिहिलंयस." ती त्याला टॉवेलनं मारायला धावली. तो दिवस चांगला होता.

मग ते दोघं नकाशा घेऊन बसले आणि सहल आखडायला लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गर्दीत ती चालवणार नव्हती, म्हणजे पुढचा सगळा भाग गेला. तसाही त्यापुढचा बिग सर इथला रस्ता दरड कोसळून बंद होता. मग लेगेटच्या पुढची ती हेअरपिनसारखी वळणं नकोत. मग म्हणाली, मोठ्या लाल झाडांपर्यंत, बास. वर्लिन मान डोलवायचा आणि एकेक पावती बाजूला ठेवायचा. वरच्या टोकाला जाऊन सुरुवात करायची हेही सुटलं. घरून निघून दक्षिणेला जायचं ठरलं, चार दिवस.

मी म्हणालो होतो, मला एक आठवड्याची रजा मिळते, मी चालवतो, तुम्ही दोघं बघत बसा. वर्लिन नको म्हणाला. एकदाच, आणि अशा आवाजात की मी पुन्हा विचारलं नाही.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी, शाळा सुरू झालेल्या असतात आणि रस्ता मोकळा असतो म्हणून, नोरीननं रजा काढली आणि ते सकाळी निघाले. पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलंय, पण त्यात फरक फारसा नाही.

पंचवीस मैल गेल्यावर नॉर्थ बेंडचा खाडीवरचा पूल लागतो. मैलभर लांब, अरुंद, मध्ये उंच उचललेला. नोरीन अर्ध्यावर गेली. वारा आला, व्हॅन हलली आणि तिनं ब्रेक दाबला. मग तिचा पाय निघेना. मागे एक ओंडक्यांचा ट्रक, त्याच्या मागे रांग. हॉर्न वाजायला लागले.

"पुढे घे," वर्लिन म्हणाला.

"मला येत नाही."

"येतं. घे."

"वर्लिन, मला खाली पाणी दिसतंय."

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला. तो वर्लिनला ओळखत होता. तिथंच उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. वर्लिन खाली उतरला, पुढून फिरून आला, नोरीनला बाजूच्या सीटवर सरकवलं आणि स्वतः बसला. दोन वर्षांनी पहिल्यांदा चाकामागे. पूल उतरला.

तिथं थांबून किल्ली परत द्यायची होती. त्यानं नाही दिली.

नोरीन त्याला आधी गोडीनं सांगत होती, मग रडून, मग ओरडून. तो पुढे बघून चालवत राहिला. पंचवीस मैल. "इतकं सुंदर चालवत होता गं बाई," तिनं नंतर माझ्या बायकोला सांगितलं, "एक धक्का नाही. आणि मी प्रत्येक गाडी समोरून आली की त्यातली माणसं मोजत होते. एक पोर, दोन पोरं. मला वाटत होतं, आत्ता, आत्ता."

बँडनला पेट्रोल पंपावर तो थांबला तेव्हा ती उतरली आणि परत बसेना. म्हणाली, तू चाकामागे असशील तर मी बसत नाही. तो म्हणाला, तू चाकामागे असशील तर मी बसत नाही.

"का?" तिनं विचारलं. "मी वाईट चालवते म्हणून?"

"त्या बाजूला तू बसायचीस. तुझ्यासाठी आखलं होतं ते. मी तिथं बसून समुद्र बघू आणि तू डांबर बघणार? सकाळपासून एकदा तरी समुद्राकडे बघितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "मला पांढऱ्या रेघेशिवाय काही दिसलं नाही."

दुपारी दोनला मला बँडनहून फोन आला. गिरणीतल्या एकाला बरोबर घेऊन मी गेलो. माझा पिकअप त्यानं परत आणायचा, व्हॅन मी. पंपामागच्या बाकावर दोघं बसले होते, मध्ये तळलेल्या माशांचा डबा, गार झालेला, न उघडलेला. वर्लिनच्या मांडीवर पावत्यांचा गठ्ठा रबर लावून. समुद्र तिथून चार गल्ल्या. वाळूत उभे असलेले ते मोठे काळे खडक बघायला देशभरातून लोक येतात.

"आलाच आहात तर बघून जाऊ," मी म्हणालो.

"उशीर होईल," वर्लिन म्हणाला.

येताना समुद्र डाव्या बाजूला, दुसऱ्या लेनच्या पलीकडे होता. नॉर्थ बेंडच्या पुलावर नोरीननं डोळे मिटून घेतले.

व्हॅन वसंतात विकली. मिनेसोटाचं एक तरुण जोडपं आलं होतं, किनाऱ्यानं खाली जाणारं. नोरीननं पडदे धुऊन, इस्त्री करून लावून दिले. त्या पोरीनं वर्लिनला विचारलं, रस्त्याबद्दल काही सांगाल का, कुठं थांबावं वगैरे. मी तिथंच होतो. घरात, टेबलाच्या खणात, तीनशेवर पावत्या होत्या.

"रस्ता एकच आहे," वर्लिन म्हणाला. "चुकणार नाही तुम्ही."

ते गेल्यावर नोरीन त्याला म्हणाली, "द्यायच्या होत्यास."

"त्यांच्याकडे फोन आहे," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर औषध वाढवलं. त्यानं फिट कमी झाल्या नाहीत, झोप मात्र वाढली. शब्द सापडेनासे झाले. ब्रेकला तो "ते पायाचं" म्हणायचा. नोरीन दर तीन आठवड्यांनी त्याला रोझबर्गला नेते, नदीकाठानं आतल्या बाजूला. आता ती चांगली चालवते. घाटात दुसऱ्या गाडीला मागे टाकते म्हणे. तिला त्याचा आनंद नाही. एकदा परत येताना तो झोपलेला होता, तर ती घरावरून सरळ पुढे गेली, पाच मैल, विंचेस्टर बेला, आणि पाण्याकडे तोंड करून गाडी लावली. पाव तास बसली.

"उठवलं नाहीस?" मी विचारलं.

"उठून काय बघणार होता तो? मला विचारलं असतं, इथं कशी आलीस, आरसा बघितलास का." मग म्हणाली, "आणि खरं सांगू, रॉस? मला काही वाटलं नाही. राखाडी होता समुद्र. आमच्या बर्न्सच्या रानासारखाच दिसत होता."

गेल्या एप्रिलात एका आठवड्यात दोन झटके आले. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांचा विषय आता काढू नका. लायसन ऑफिसात जाऊन जुनं कार्ड जमा करायचं आणि त्याऐवजी नुसतं ओळखपत्र घ्यायचं, तेवढं राहिलं होतं. नोरीनला रजा नव्हती, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईनं समजुतीनं घेतलं, त्याला बसूनच फोटो काढू दिला. त्यानं पाकिटातून जुनं कार्ड काढलं, काउंटरवर ठेवलं. तिनं ते उचलेपर्यंत त्यावर एक बोट ठेवून होता.

नवं कार्ड टपालानं येईल, असं ती म्हणाली.

"घाई नाही," वर्लिन म्हणाला, आणि दाराकडे निघाला. दार कुठल्या बाजूला उघडतं ते त्याला आठवेना. मी ढकललं.