पाव्हण्यांसमोरची चाल

आबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून ते भिंत धरून चालत. उजवा पाय ओढत. वरकुट्याच्या घरात ते एकटेच, म्हणून मला महिनाभर माहेरी राहायचं होतं. पण मामंजींचं म्हणणं पडलं, "चालता येतंय का न्हाय ते दवाखान्यातलं मशीनच सांगंल. येत न्हाय म्हटलं, तर खुशाल ऱ्हा."

म्हणून आम्ही तिघं बारामतीच्या दवाखान्यात गेलो. बोळात दोन्ही टोकांना खांब उभे केलेले. त्यांच्यात डोळ्याला न दिसणारा किरण असतो म्हणे. माणूस पहिला ओलांडतो तेव्हा घड्याळ सुरू, दुसरा ओलांडला की बंद. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, घरात चालता तसंच चाला."

मामंजी नेमके पलीकडच्या टोकाला बाकावर बसले होते.

आमच्याकडं पोरीचा बाप तिच्या सासरी गेला तर भूक असूनही अर्धी भाकरी कमीच खातो. व्याह्यापुढं दमलेलं दिसायचं नाही, मग जीव गेला तरी चालेल. कुणी घालून दिली ही रीत, देव जाणे! आबांनी टोपी नीट केली, काठी माझ्या हातात दिली आणि निघाले. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ. पाय कसा उचलत होते ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुसरा खांब ओलांडूनही थांबले नाहीत, थेट बाकापर्यंत गेले. "लई वाट बघाया लावली, पाव्हणं," म्हणाले आणि हसले. सदरा पाठीला चिकटला होता.

"छान! चाल चांगली आहे," मुलगी म्हणाली.

"अहो, घरी असं नाही चालत ते!"

"ताई, मशीन कशाला खोटं सांगेल?"

"हिला उगं काळजी करायची खोड हाय," आबा म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही. मला तिथंच काठी आपटावीशी वाटली.

"झालं तर मग," मामंजी उठले. त्याच संध्याकाळी मी इंदापुरात म्हशींच्या धारा काढत होते.

महिना भरायच्या आत आबा सकाळी न्हाणीत पडले. शेजारणीला दुपारी कळलं. खुबा मोडला होता. आता उठणं नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

मामंजी केळी घेऊन भेटायला आले. आबांनी मला घाईघाईनं उशी लावायला सांगितली. कण्हणं गिळून ते हवापाण्याच्या गोष्टी बोलले. बाहेर आल्यावर मामंजी मला म्हणाले, "त्या दिशी तर घोड्यावानी चाललं हुतं की! आता म्हशींचं कोण बघणार?"

मी पाठ फिरवली. थांबले असते तर तिथंच भांडण झालं असतं.

आत गेले तर आबा वाटच बघत होते. "पाव्हणं काय म्हणलं? त्या दिशी मी कसा चाललो, त्यांच्या ध्यानात हाय का?"

"हाय की आबा," मी म्हटलं. "घोड्यावानी चाललं, म्हणत होते."

आबा खूश झाले.