मुठीचं माप

हर्णैचा युसुफ तसा मऊ माणूस, पण कामात कुणी शहाणपण शिकवायला लागलं की त्याचं डोकं फिरायचं. आणि आज शिकवत होते खुद्द अबू हमद! वय सत्तर, सगळं आयुष्य नेमबाजीत गेलेलं. आखातातल्या उम्म सलाल मोहम्मद गावी ज्या बंदुका दुरुस्तीच्या दुकानात युसुफ कारागीर होता, तिथे त्यांचा शब्द म्हणजे हुकूम.

"चाप हलका कर," रिकामं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवत ते म्हणाले. "एवढा हलका, की माझा नातूसुद्धा ओढेल. यल्ला, चल लवकर!"

रिव्हॉल्व्हर डबल अ‍ॅक्शन. चापाच्या एकाच ओढीत घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा खटका, मागे जाणार आणि सुटणार, म्हणून ओढ जड. संधिवातानं अबू हमदच्या बोटांच्या नुसत्या गाठी झालेल्या. मुलं मागे लागली होती, बाबा, विकून टाका आता. शुक्रवारी नेमबाजीच्या क्लबात जमलं नाही तर विकतो, असा शब्द देऊन बसले होते बिचारे.

"चाप हलका करायला घोड्याची स्प्रिंग सैल केली तर घोडा जोरात आपटणार नाही, गोळी सुटायचीच नाही," युसुफ म्हणाला. "आणि घरात नातवंडं आहेत तुमच्या. मी नाही करणार."

मालकानं डोळे वटारले. अठरा वर्षांची नोकरी! पण नाही म्हणजे नाही.

त्यानं म्हाताऱ्याला रिव्हॉल्व्हर हातात धरायला लावलं. मूठ इतकी जाड, की बोटाचं नुसतं टोक चापावर पोचत होतं. युसुफचा आजा कोयत्यांना मुठी बसवायचा. म्हणायचा, "कोयता जड नसतो रे, मूठ चुकलेली असते."

"चार दिवस द्या," युसुफ म्हणाला. "नवी मूठ करून देतो."

हाताचा ठसा घ्यायचा कशात? त्यानं बायकोला, सुरय्याला, गावी फोन लावला. "तांदळाच्या पिठाची उकड कशी काढतेस गं?"

"या अल्ला! आता भाकऱ्या थापायला लागलात काय?"

गार झालेली उकड अबू हमदनी मुठीत आवळली आणि पोरासारखे हसले. एकेक गाठ उमटली. त्या मापानं युसुफनं अक्रोडाचं लाकूड कोरलं, चापाचे आतले खरखरीत भाग घासून गुळगुळीत केले. स्प्रिंगला मात्र हात लावला नाही.

शुक्रवारी क्लबात अबू हमदच्या हातून सहा गोळ्या सुटल्या. पाच निशाणाच्या काळ्या वर्तुळात!

"शेवटी ऐकलंस ना माझं?" अबू हमदनी त्याला मिठीच मारली. "केलीस ना स्प्रिंग सैल!"

मागून मालक खुणावत होता, हो म्हण, गाढवा. म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पण युसुफ कसला ऐकतोय!

"नाही साहेब. स्प्रिंग तीच आहे. मूठ हाताजोगती केली, आत थोडं घासलं, बस्स."

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. मालकानं कपाळाला हात लावला.

"तीच?"

"तीच. अल्लाशपथ."

अबू हमद आपल्या वाकड्या बोटाकडे बघत राहिले. डोळे भरून आले.

"म्हणजे बोट अजून माझंच आहे!" ते म्हणाले आणि पुन्हा सहा गोळ्या भरायला लागले.