पासष्ट किलोंच्या सासूबाई

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी व्यायामशाळेत गेले ती तब्येतीसाठी नाही, ब्लाउजसाठी. भाच्याचं लग्न माघात ठरलं होतं, नारायणपेठ साडी तयार होती आणि तिच्यावरचा ब्लाउज दंडावर येऊन अडकला होता. शिंप्याने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बहन जी, इसमें अब खोलने को कुछ बचा ही नहीं." एवढं ऐकल्यावर कोणतीही मानी बाई जे करील ते मी केलं. बाजारात जाऊन पांढरे बूट घेतले.

आम्ही तेव्हा दिल्लीत करोल बागेच्या मागे सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, तळमजल्यावर. हे मिनिस्ट्रीत, मुलं हॉस्टेलवर, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि सासूबाई. मार्केटमधल्या एका तळघरात नवीन हेल्थ क्लब निघाला होता आणि दुपारची वेळ बायकांची होती. शिकवायला एक हरियाणवी बाई होत्या. एके काळी गोळाफेक केलेल्या, आवाज असा की तळघरातून रस्त्यावरची रिक्षा थांबावी. त्यांना सगळ्या मॅडमजी म्हणायच्या.

तिथे पट्ट्याचं एक मशीन होतं. पट्टा कमरेमागे घ्यायचा, बटण दाबायचं की तो आपल्याला गदागदा हलवणार. चरबी आपोआप वितळते असा समस्त महिलावर्गाचा विश्वास होता. मी कपाळाला घाम टिपणारी पट्टी बांधून (घाम येतच नव्हता, पण मासिकातल्या बाईने बांधली होती) त्या पट्ट्यात उभी राहायचे आणि मासिक वाचायचे. अक्षरं नाचायची, तरी वाचायचे. मॅडमजी येता-जाता म्हणायच्या, "बहन जी, लस्सी बन रही है क्या?" मी हसायचे. त्या आपल्यालाच म्हणतायत हे तेव्हाच्या मज शहाणीला कळायचं नाही. पट्ट्यातली ती मी आज मला रस्त्यात भेटले तर मी ओळख दाखवणार नाही.

घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "हललीस का आज?"

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, साताऱ्याकडच्या. हाडापेराने थोराड, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज खणखणीत. मामंजी गेल्यावर आमच्याकडे आल्या तेव्हा पहिला हिवाळा त्यांनी दिल्लीला शिव्या देण्यात घालवला. दुसऱ्या हिवाळ्यात क्वार्टरसमोरच्या लॉनवर उन्हात बसणाऱ्या पंजाबी आज्यांनी त्यांना खाटेवर जागा करून दिली, हातात शेंगदाणे दिले आणि पत्ते वाटले. तिथून आमच्या आई दिल्लीच्या झाल्या. त्यांचं हिंदी कधी सुधारलं नाही. त्याऐवजी त्या आज्याच "चल गं" आणि "गप बस" म्हणायला शिकल्या.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडल्या. मी धावले. बघते तर आई फरशीवर बसलेल्या, लुगडं ओलं, हात भिंतीला. काखेत हात घालून मी ओढलं. त्या तसूभर हलल्या नाहीत, मीच घसरून त्यांच्या शेजारी बसले. त्या अवस्थेतही आई म्हणाल्या, "रोज त्या पट्ट्यात हलतेस ना गं? मग आता हल की जरा!"

शेवटी शेजारच्या सरदारजींना हाक मारली. सज्जन माणूस. मान दुसरीकडे वळवून त्यांनी आईंना उचललं आणि पलंगावर बसवलं. "माताजी तो फूल जैसी हैं जी," असं म्हणाले खरे, पण ते म्हणताना त्यांना धाप लागली होती.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालतील, खुर्चीवरून उठतील, पण गुडघ्यांत जोर नाही, जमिनीवर गेल्या तर आपल्या आपण उठायच्या नाहीत. आई दोन दिवस पत्त्यांना हात लावीनात. दुखण्यामुळे नाही. परक्या पुरुषाच्या हाताने, ओल्या लुगड्यात उठावं लागलं म्हणून.

तोवर पुण्याला बातमी पोचली होती. थोरल्या दिरांचा फोन आला. "वहिनी, आईला मी घेऊन जातो. पुन्हा पडली तर कोण उचलणार? धाकट्याची पाठ ही अशी. इथे दिवसभराची बाई ठेवू. संक्रांत झाली की येतो." ह्यांच्या मणक्याचं दुखणं खरंच जुनं होतं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. दिरांचं काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईंनी मला समोर बसवलं. मध्ये लसणाचं ताट.

"खरं सांग. मी जावं असं वाटतंय का तुला?"

"नाही हो आई."

"मग मला उचलायला शीक."

मला वाटलं थट्टा करतायत. म्हटलं, "पुण्यात काय वाईट आहे? आपली माणसं, आपली भाषा."

"वाईट काही नाही. तिसरा मजला आहे. खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. आणि पत्ते कोणाशी खेळू? त्या ठेवलेल्या बाईशी?" लसणाची पाकळी सोलून त्यांनी ताटात टाकली. "पगारी माणसं मुद्दाम हरतात गं. त्यात काय मजा!"

मुलाला तोंडावर 'येत नाही' म्हणणं त्यांना जमलं नसतं. 'इथे सगळी सोय आहे' एवढंच म्हणता आलं असतं, आणि ती सोय म्हणजे मी होते. पट्ट्यात हलणारी.

त्या दुपारी मी मशीनकडे न जाता सरळ मॅडमजींपुढे उभी राहिले. "मुझे वज़न उठाना है."

"कितना?"

"सास जितना."

तळघरातल्या सगळ्या बायका हसल्या. मॅडमजी मात्र हसल्या नाहीत. "सास कितनी है?"

हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी वजनाचा काटा उसना घरी आणला. आई म्हणाल्या, "वय विचार, वजन विचारू नकोस." मग काठीचा आधार घेत चढल्या. पासष्ट किलो. "ह्यात चष्म्याचं किती?" त्यांनी विचारलं.

लोखंडी दांड्याशी माझी ओळख झाली ती अशी. आधी नुसताच दांडा, त्याला वजनाच्या चकत्याही नाहीत. वाकून उचलायला गेले तर मॅडमजी ओरडल्या, "बहन जी, झाड़ू नहीं लगाना है!" पाठ ताठ ठेवायची, बूड मागे न्यायचं, गुडघे वाकवायचे, दांडा पायांना घासत वर आणायचा आणि जोर मांड्यांतून काढायचा. अठ्ठेचाळीस वर्षं मी केर काढताना, धुणं पिळताना, बादल्या उचलताना सगळं कमरेतून ओढत आले होते. मांड्या कशासाठी दिल्यात ते तेव्हा कळलं. पहिल्या आठवड्यात दाराच्या दोन पायऱ्या उतरताना मी कठड्याला अशी लटकत होते की आईंनी त्यांची काठी मला देऊ केली.

घरी सराव गव्हाच्या पोत्यावर. चक्कीवर द्यायला आणलेलं पोतं हॉलच्या मधोमध ठेवायचं, ते उचलून पलंगावर बसवायचं आणि पुन्हा खाली. आई खुर्चीत बसून देखरेख करायच्या. पोत्याला त्यांनी 'धाकटी सासू' म्हणायला सुरुवात केली. "धाकटीला जरा हळू ठेव, तिला माहेर नाही." "धाकटी बरी गं, बोलत नाही." एकदा हे ऑफिसातून लवकर आले. बायकोने पोत्याला मिठी मारलेली आणि आई टाळ्या वाजवतायत हे बघून ते आल्या पावली वळले आणि पान खाऊन आले.

दिवाळी झाली, थंडी पडली, दांड्याला चकत्या चढत गेल्या. दंड काही बारीक झाले नाहीत, उलट टणक झाले. तोच शिंपी म्हणाला, "बहन जी, ये तो और बढ़ गया!" मी म्हटलं, बढ़ने दो. मग त्याने दुसऱ्याच कापडाच्या बाह्या लावून दिल्या आणि भाच्याच्या लग्नात तीच नवी फॅशन आहे असं मी बेधडक सांगितलं. एका बाईने तसाच शिवून घेतला म्हणे.

पण ते नंतर. आधी डिसेंबर. पोतं आता मी बोलता बोलता उचलत होते, तेव्हा खऱ्या सासूबाईंची पाळी आली. जमिनीवर रजई अंथरली, मी आईंना धरून अलगद खाली टेकवलं, आणि मी मॅडमजींनी शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ, बूड मागे अशी तयार होऊन काखेत हात घातले. आणि आई खिदळायला लागल्या. न्हाणीघरात भीतीने अंग आखडलेलं होतं म्हणून तेव्हा कळलं नव्हतं: आमच्या सासूबाईंना भयंकर गुदगुल्या व्हायच्या. हसता हसता सगळं अंग सैल. सैल माणूस उचलणं म्हणजे पाण्याला गाठ मारणं. मी चार तऱ्हा करून पाहिल्या. पाठीमागून, समोरून, दंडाला धरून. हात लागला की आई हसत, आई हसल्या की मी हसे, आणि दोघी रजईवर. हे दारातून म्हणाले, "सरदारजींना बोलावू का?"

त्या शब्दाने दोघींचं हसू थांबलं. एकेक उशी खाली सरकवत आईंना मी कसंबसं पलंगावर चढवलं. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती.

मी मॅडमजींना अडचण सांगितली. त्यांना वाटलं माझ्या पाठीला आधार हवा असेल. त्यांनी आपला जुना, रुंद चामड्याचा पट्टा काढून दिला, वजन उचलताना कमरेला बांधतात तो. मी घरी येऊन तो बांधायला लागले तर आई म्हणाल्या, "तू कशाला बांधतेस?"

"पाठीला आधार."

"पाठ तुझी घोड्यासारखी झालीय. पोत्याला धरायला कान असतात. मला कुठेयत कान? आण इकडे."

आणि त्यांनी तो नऊवारीवरून स्वतःच्या कमरेला आवळला. मी समोर बसले, दोन्ही बाजूंनी पट्टा मुठीत धरला. काखेला हात नाही म्हणून गुदगुल्या नाहीत. आईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवले. मी मांड्यांना सांगितलं, चला. आणि आई उठल्या. सरळ, भरदार, देवीच्या पालखीसारख्या. दोघी एकमेकींसमोर उभ्या, नाकाला नाक. आई म्हणाल्या, "तोंडाला लसणाचा वास येतोय तुझ्या."

त्या दिवसापासून पट्टा त्यांनी अंगावरून उतरवला नाही. लॉनवरसुद्धा तोच. पंजाबी आज्या म्हणायच्या, "माताजी, कुश्ती लड़ण चल्ले ओ?" पट्ट्यात पत्ता खोचून ठेवता येतो हा शोधही त्यांना लवकरच लागला. त्या हिवाळ्यात आई फार जिंकल्या.

दीर आले ते धुक्यामुळे अर्धा दिवस उशिरा, दमलेले, खिशात परतीची दोन तिकिटं. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. "आई, सामान भरलंस का? इथे पुन्हा पडलीस तर वहिनी एकट्या काय करणार?"

आईंनी कप खाली ठेवला. काठी भिंतीला टेकवली. मग कोणाला काही कळायच्या आत खुर्चीच्या कडेवर सरकल्या आणि पांढऱ्या केसांची, पंच्याहत्तरीची ती बाई सतरंजीवर बसली. धप्प.

"अगं आई!" दीर उठले.

"तू बस. उचल गं."

मी पदर खोचला. मॅडमजींचा आवाज कानात होता. पट्टा धरला, श्वास घेतला, आणि आईंना उभं केलं.

दीर म्हणाले, "एकदा जमलं वहिनी. पण रोजचं—"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आई पुन्हा खाली. मी पुन्हा उचललं. "आणखी बघायचंय?" आईंनी विचारलं. मी म्हटलं, "आई, पुरे, मी माणूस आहे."

"बरं," म्हणून आई तिसऱ्यांदा बसल्या आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "आता तू उचल. पुण्याला तूच उचलणार ना?"

दीर चांगले उंचपुरे होते. आले, वाकले. पाठ कमानीसारखी, गुडघे ताठ. मी तोंड उघडणार होते, 'झाड़ू नहीं लगाना है', पण थोरले दीर ते, त्यांना कसं बोलणार? त्यांनी काखेत हात घातले. आई खिदळल्या. दिरांच्या कमरेत काहीतरी लचकलं आणि तेही 'हाय' करून आईशेजारी सतरंजीवर बसले. मायलेक शेजारी शेजारी. आई म्हणाल्या, "बरं झालं आलास. पुष्कळ दिवसांत असा जवळ बसला नव्हतास." मग दीरच हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काही हसण्याचं असेल, काही कमरेचं. मी आधी आईंना उठवलं, मग त्यांना हात दिला.

एक तिकीट रद्द झालं. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, तो पट्टा पुण्यात मिळेल का? ती येणार नाही हे कळलं. आमच्यासाठीच विचारतोय. आम्ही दोघंही आता त्याच वाटेवर आहोत."

आई पुढे नऊ हिवाळे उन्हात बसल्या. पुष्कळदा पडल्या, काही वेळा मुद्दाम, पाहुण्यांना दाखवायला. सरदारजींना पुन्हा हाक मारावी लागली नाही. तेच यायचे, पत्त्यात हरायला.

तो पट्टा आता माझ्याकडे आहे. मी मुलाकडे गुडगावला असते. दांडा उचलणं सुटलं, पण रोज सकाळी जमिनीवर बसून, हात न टेकता उठते आणि उठले की घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. सून कामावरून येताना जिमला जाते. परवा मी तिला विचारलं, "किती उचलतेस गं?" तिने आकडा सांगितला. मी काट्यावर उभी राहिले, बघितलं आणि म्हटलं, "बिल्कुल पुरे. जास्त दमू नकोस."

तिने पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ही गोष्ट तिने मुलाकडून ऐकली असावी, कारण मोठ्या गंभीरपणे तिने विचारलं, "आई, आधी सांगा. तुम्हाला गुदगुल्या होतात?"