रोवणीच्या चालीवरचं गाणं

फोन आला तेव्हा मी चर्चमधली सतरंजी बाहेर आणून झाडत होते. शनिवार होता. आमचे मालक चंद्रपूरला दवाखान्यात होते, त्यांच्या मोठ्या बहिणीजवळ. त्यांनी एवढंच म्हटलं, "बाई गेली." मी म्हटलं, "हो." फोन ठेवला, सतरंजीचा राहिलेला भाग झाडला, आत नेऊन अंथरली. रूथबाई ज्या कोपऱ्यात बसायची तिथे सतरंजी नेहमी दुमडते. तिथे हात फिरवून ती सपाट केली... आणि मग तिथेच बसून राहिले. त्याला आता पाच आठवडे झाले.

रूथबाई माझी नणंद. मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव आहे, त्यात आमची वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं. ती तरुणपणीच विधवा झाली आणि भावाच्या शेजारी खोली बांधून राहिली. जन्मभर लोकांच्या शेतात रोवणी केली, म्हणजे चिखलात वाकून धान लावलं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आमच्या चर्चमध्ये गाणं तिचं असायचं. हातात मंजिरी, बाजूला मालकांची ढोलकी, बस. ती पहिली ओळ म्हणायची आणि बाकी सगळे तिच्या आवाजामागून जायचे, पायवाटेनं पुढच्या माणसाच्या मागे जावं तसे.

शुक्रवारी दुपारी बायकांची प्रार्थना तिच्या खोलीत व्हायची. त्या बायकांत चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून गाण्याची वही माझ्याकडे. ती म्हणायची, मी लिहायची. शब्द लिहिता येतात, चाल कशी लिहायची? मग मीच खुणा काढल्या. आवाज वर जातो तिथे शब्दाच्या डोक्यावर रेघ, खाली येतो तिथे पायाशी टिंब. मी तिच्या उजव्या हाताला, मांडीला मांडी लावून बसायची. मी चुकले की ती गाणं थांबवायची नाही, माझ्याकडे बघायचीही नाही. माझ्या डाव्या गुडघ्यावर दोन बोटं मारायची. पुन्हा चुकले, पुन्हा दोन बोटं. मी लाजाळू बाई, चारचौघांत कोणी काही म्हटलं असतं तर मी परत गायलेच नसते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एक गाणं मात्र ती शुक्रवारी फार कमी म्हणायची. ते मातीच्या वेळचं. आमच्यात कोणी वारलं की पेटी खड्ड्यात उतरवल्यावर रूथबाई डोक्याच्या बाजूला उभी राहायची आणि एकटीच ते म्हणायची, मंजिरीसुद्धा नाही. ते तिनं स्वतःच जोडलं होतं, रोवणीच्या वेळी जुन्या बाया म्हणायच्या त्या चालीवर. धानाचं कोवळं रोप, आमच्याकडे त्याला पऱ्हा म्हणतात, ते एका जागी वाढवायचं आणि उपटून दुसऱ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लावायचं. गाण्यात एवढंच होतं: "पऱ्हा उपटला, देवा, आता तुझ्या बांधीत रोव मले." मी ते वहीत उतरवलं तेव्हा वर खुणा करायला पेन्सिल घेतली, तर ती म्हणाली, "हे तं तुले येतेच. याले काऊन खुणा करते?" मी पेन्सिल खाली ठेवली.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, नागपूरचे, मनानं चांगले. त्यांनी कीबोर्ड आणला, मोठा स्पीकर आणला, भिंतीवर पडदा लावला, त्यावर हिंदी गाण्यांचे शब्द. उभं राहून, टाळ्या वाजवून गायचं. रूथबाई त्या स्पीकरला डब्बा म्हणायची. एकदा उपासनेनंतर अंगणात दोघांचं झालंच.

"मावशी, आपली पोरं चंद्रपूरच्या मोठ्या सभेला जातात," पाळकसाहेब म्हणाले. "इथे मागे बसून मोबाईल बघतात. ती गेली तर उद्या या सतरंजीवर बसणार कोण?"

"पडद्यावर शब्द लावले तू, बाबू. मले का वाचता येते? तुह्या पडद्यानं मी आंधळी झाली."

"शिकाल हळूहळू. पण मावशी, रोवणीची चाल म्हणजे शेतातली. देवाच्या घरात ती बरी वाटते का?"

"अन् तुह्या डब्ब्यातली? मले तं वरातीत आल्यासारखं वाटते. नवरदेव कुठी हाये, थेच पाहून राह्यली मी!"

सगळे हसले, पाळकसाहेबही हसले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझा बाप दारू पिऊन मेला, मावशी. मी घरातून पळून एका सभेत शिरलो, तिथे लोक टाळ्या वाजवत होते. मी तसाच देवाकडे आलो. मला शांत बसून रडताच येत नाही." रूथबाई म्हणाली, "ज्याले जसं बलावलं तसा थो आला. पन् मले असं बलावलं ना, बाबू..."

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला तो डब्बा आवडायला लागला होता. रूथबाईच्या गाण्यात प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू यायचा, माझाही, म्हणून मी कायम ओठातल्या ओठात म्हणायची. डब्बा सुरू झाला की कोणाचंच कोणाला ऐकू येत नसे. त्या आवाजाच्या आडोशाला मी आयुष्यात पहिल्यांदा गळा मोकळा करून गायले. एका रविवारी रडलेसुद्धा. बाजूला रूथबाई मंजिरी मांडीवर ठेवून गप्प बसली होती.

पुढे मंडळीची बैठक झाली. महिन्यातला एक रविवार डब्बा बंद ठेवून जुनी गाणी म्हणायची का, ज्यांना पाहिजे त्यांनी हात वर करा. मालकांनी केला नाही, दिवसभर गवंडीकाम करून ढोलकीला हात उचलत नाही म्हणत होते. दोन-चार म्हाताऱ्यांनी केला. रूथबाईनं केला. मी तिच्याच बाजूला होते. माझा हात पदराखाली होता, तो पदराखालीच राहिला... लाजेनं राहिला असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. परतताना ती फक्त म्हणाली, "हळू चाल वं शांते, गुडघे दुखते माहे." त्या शुक्रवारी मी गाण्यात तीनदा चुकले. तिनं बोटं मारली नाहीत.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मारली, आणि बायका गेल्यावर हसून म्हणाली, "डब्ब्याच्या आड तुहा आवाज कसा मोठा निघते वं? आयकलं मी." एवढ्या गोंगाटात तिनं माझा आवाज वेगळा काढला होता. मी मान खाली घातली. तिनं तो विषय परत कधी काढला नाही. त्यानंतर गावात ज्यांची माती झाली, तिथेही डब्बाच गेला, बॅटरीवर. तिचं गाणं कोणी मागितलं नाही आणि तिनंही म्हटलं नाही.

मग दमा वाढला. दोन वाक्यांत धाप लागायची. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तोंडावर नळीचा मास्क होता. तो तिनं हातानं बाजूला केला.

"माह्या मातीले डब्बा आनू दे त्याले. पोरगं चांगलं हाये. पन् माहं गाणं तू म्हनजो."

"बाई, मले नाई जमणार. एवढ्या लोकाईत..."

"मी तं नसन आयकाले. मंग काऊन लाजते?" तिला हसू आलं, त्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "म्हनशीन?"

मी म्हटलं, "म्हनीन."

माती सागवानाखाली झाली. पाळकसाहेबांनी दोन गाणी म्हटली, डब्ब्याचा आवाजही कमी ठेवला होता. मग विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय का?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना माहीत होतं. वही माझ्या पदराखाली होती. मी डोक्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं. पहिला शब्दही निघाला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मागून कोणीतरी मूठभर माती टाकली, मग सगळ्यांनीच टाकली...

तीन आठवड्यांनी एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासना सुरू व्हायच्या आधी स्वतः डब्ब्याची वायर काढली. मालकांनी त्यांना सांगितलं असावं. म्हणाले, "काकू, आज हा बंद आहे. घाई नाही. जमलं तर म्हणा." मी तिच्या कोपऱ्यात बसून म्हटलं. या वेळी आवाज निघाला. "पऱ्हा उपटला, देवा" इथपर्यंत नीट आलं. "बांधीत" शब्दावर मात्र अडले. तिथे ती वर जायची की खाली यायची? मी आवाज वर नेला. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आपोआप खाली आला. लोकांनी डोळे पुसले, पाळकसाहेबांनी मान डोलावली. घरी येताना मी मालकांना विचारलं, असंच होतं ना? ते म्हणाले, "असंच होतं वाटते. ते तं बाई एकटीच म्हने, आमी कुठी म्हटलं?" तिच्याबरोबर रोवणीत ती चाल म्हणणाऱ्या ज्या दोघी होत्या, त्या तिच्याआधीच गेल्या.

तिच्या खोलीला कुलूप आहे. शुक्रवारी दुपारी मी बाहेरच्या ओट्यावर वही घेऊन बसते. मागची पानं कोरी होती, त्यावरच हे लिहिते आहे. लिहून झालं की मधलं ते पान उघडते. "बांधीत" या शब्दावर रेघ द्यायची की खाली टिंब, ते ठरत नाही. एकदा आवाज वर नेऊन म्हणते, एकदा खाली आणून म्हणते. डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून बसायची सवय गेलेली नाही. दोन्ही वेळा शब्द तिथे आला की डावा गुडघा दोन बोटांसाठी थांबून राहतो.