दवाखान्याचा मेन स्विच

दवाखाने तपासायला मी नेहमी लवकर जाते. कळवलेल्या वेळेला गेलं की सगळं पुसलेलं, मांडलेलं असतं आणि माणसंही शहाण्यासारखी वागतात. उघडायच्या आधी गेलं की दवाखाना पारोसा भेटतो, आणि मला तो तसाच बघायचा असतो. यावरून लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत. इतकी वर्षं नर्सची नोकरी केल्यावर माणूस गोड राहत नाही.

विक्रोळीतला तो दवाखाना मात्र मला आवडला होता. चाळींच्या तोंडाशी दोन गाळे जोडून केलेला, लहान मुलांचा. डॉक्टर बाई त्याच वस्तीत वाढलेल्या. पुढे पवईला राहायला गेल्या, पण दवाखाना त्यांनी इथेच थाटला. आदल्या दिवशी मी अर्धी तपासणी उरकली होती. वापरलेली सुई तिथल्या तिथे तोडत होते, औषधांच्या तारखा बरोबर होत्या, दुपारी बघितलं तेव्हा लसींचा फ्रिजही हवा तेवढा थंड होता. मी चक्क खूश होऊन घरी गेले, आणि असं माझं क्वचितच होतं.

दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा वार होता. मी पोचले तेव्हा दवाखाना बंदच होता आणि पायरीवर चार-पाच आया पोरं घेऊन बसल्या होत्या. झाडलोट करणाऱ्या मावशींनी शटर वर केलं, आत जाऊन बोर्डाला नमस्कार केला आणि मेन स्विच वर ढकलला. ट्यूब लागली, पंखा फिरला. मग आतल्या खोलीत फ्रिज धडधडून सुरू झाला.

म्हणजे रात्रभर तो बंदच होता. जाऊन फ्रिज उघडला, तर लसींच्या बाटल्या हाताला कोमट लागल्या. वरच्या कप्प्यातल्या बर्फाच्या पिशवीचं नुसतं पाणी झालं होतं. रात्री लाइट गेली होती का, असं मी मावशींना विचारलं. नाही म्हणाल्या. मेन आम्ही रोजच बंद करून जातो, डॉक्टरांनीच तसं सांगून ठेवलंय.

डॉक्टर आल्यावर बाकीचं कळलं. मागे शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला शॉर्टसर्किटने आग लागली होती. तेव्हापासून रात्री मेन बंद करायचा नियम. लसींचा फ्रिज त्यानंतर आला, आणि नियम तसाच राहिला. डॉक्टर यायच्या तेव्हा तो सुरू होऊन बराच वेळ झालेला असायचा. तापमान त्या दुपारी बघायच्या.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. मला भयंकर राग आला होता, पण तो काढावा कुणावर? हलगर्जी बाई असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. ही तर काळजी घेणारी. तापलेल्या लसीचं विष होत नाही, ती निकामी होते. पोराला सुई टोचते, ते रडतं, आई निश्चिंत होऊन घरी जाते, आणि पोराला कसलंच संरक्षण मिळालेलं नसतं. याची मला आगीपेक्षा जास्त भीती वाटते.

डॉक्टर स्टुलावर बसल्या. फ्रिजला आजच वेगळी लाइन घेते म्हणाल्या, होता तो साठा बाद करते, आजचं लसीकरण बंद ठेवते. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आधीच्यांना सांगायलाच हवं का हो, ताई? किती समजावून आणलंय या बायकांना. उद्या एकही येणार नाही."

त्यांचं खोटं नव्हतं. मलाही क्षणभर नको वाटलं.

"सांगायलाच हवं," मी म्हटलं. "गोवर काही विचारून येत नाही."

दाराशी मावशी डोळे पुसत उभ्या होत्या. तुमचं काही चुकलं नाही, मी सांगितलं तेच तुम्ही केलंत, असं त्यांना सांगून डॉक्टर बाहेर गेल्या. काय झालं ते त्यांनी पायरीवरच्या बायकांना सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. आजवर दिलेल्या लसी पुन्हा द्याव्या लागतील, त्यासाठी मी एकेकीला बोलावून घेईन, असंही म्हणाल्या. दोघीतिघी एकदमच बोलायला लागल्या.

गोवंडीहून आलेली एक बाई तेवढी गप्प होती. मांडीवर तान्हं बाळ, शेजारी तिला टेकून उभी असलेली मोठी मुलगी. मला वाटलं, तिला कळलंच नाही. मग तिने त्या मुलीला जवळ ओढलं.

"हिच्या पण सगळ्या सुया तुमच्याकडेच झाल्यात ना, मॅडम?"

डॉक्टर हो म्हणाल्या.

"आमच्या गल्लीत गोवर आलाय. शेजारची दोन्ही पोरं पडलीत. हिची सुई झालीय म्हणून मी हिला रोज त्यांच्याच घरात खेळायला सोडते."

डॉक्टर पायरीवर बसल्या आणि त्यांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. हाताला ताप लागतोय का, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.