रेडिएटरमधली हळद

आमच्या गाडीच्या रेडिएटरमधून जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणायला माझी जीभ अजून धजत नाही. आधी खाकरल्यासारखा आवाज झाला, मग पिवळट-तपकिरी, गिळगिळीत काहीतरी पचकन घमेल्यात पडलं आणि वास थेट नाकात शिरला. गंज, सडकं पाणी, आणि त्यात काहीतरी ओळखीचं. ई! मी ओढणी नाकाला लावली. माझा थोरला भाऊ, अण्णा, गाडीखाली उताणा पडून खुशीत ओरडला, "बघ, येतंय की नाही बाहेर!" ते त्याच्या कोपरावर उडालं होतं आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला तर त्याच्या कोपराकडंही बघवेना.

सोलापुरात, शुक्रवार पेठेत खाली अण्णाचं मसाल्याचं दुकान, वर आमचं घर. वहिनी मुलांना घेऊन माहेरी दुधनीला गेलेली, म्हणून घरात आम्ही तिघंच: अण्णा, मी आणि आमची आई, अव्वा. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे अव्वाचं सगळं माझ्याकडं. अव्वाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिसला न्यावं लागतं, शहराबाहेर. रिक्षात ती हिंदकळून अर्धमेली होते, आणि येताना तर तिला आडवंच पडावं लागतं. भाड्याची गाडी केली तेव्हा ती गाडीत ओकली आणि ड्रायव्हरनं असं काही तोंड वाकडं केलं की तेव्हापासून ती परक्याच्या गाडीत पाय ठेवत नाही. म्हणून ही आमची जुनी, दोन मालकांनी वापरून सोडलेली गाडी. ती चालली तर अव्वा चालली, असं मी रोज मनात म्हणायचे.

आणि त्या गुरुवारी ती चालली नाही. कुंभारीच्या अलीकडं इंजिनच्या तापमानाचा काटा सरसर वर चढला, बॉनेटमधून भसाभसा वाफ यायला लागली, आणि बाहेर सोलापूरचं ऊन! एका रसवंतीवाल्या बाईनं अव्वाला बघितलं आणि हाताला धरून तिच्या सावलीत नेऊन बसवलं. मला हायसं वाटलं. मग मी आणि अण्णा बॉनेटपाशी उभं राहून रस्त्यावरची सगळी माणसं बघतील इतक्या मोठ्यानं भांडलो. गाडी थंड झाल्यावर बाईच्याच पिंपातलं पाणी ओतून कसेबसे पोचलो. उशीर झालाच होता. वर नर्सनं अव्वाचं वजन केलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, पाणी फार झालंय यांना." माझं डोकंच फिरलं. दिवसाला दोन फुलपात्री पाणी मी स्वतः मोजून देते, वर एक थेंब नाही. तसं मी तिला सुनावलंही. पण वेळ उरला नव्हता, अव्वानंतरचा पेशंट दारात येऊन बसलेला, आणि त्या दिवशी अव्वाचं डायलिसिस अर्ध्यावर आवरलं. ती सुजलेल्या पायांनी घरी आली. सोमवारी असं पुन्हा झालं तर काय होईल ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाणी छातीत चढेल.

"गॅरेजला टाक," मी शुक्रवारी म्हटलं, शनिवारीही म्हटलं. पण आमचा अण्णा! पंखा असो, नळ असो, देवघरातली लायटिंगची माळ असो, दुसऱ्याचा हात लागलेला त्याला चालत नाही. "कूलंट बदलायला गॅरेज कशाला? रविवारी दुकान बंद असतंय, मी करतो की." असा रविवार उजाडला आणि मी घमेलं धरून बसले.

घमेल्यात लेंडाएवढे गोळे पडत होते. एक मी काडीनं फोडला. आत पिवळाधमक. वाळलेल्या पिठल्याची खरवड जशी निघते तशी ती खरवड निघत होती. मग तो ओळखीचा वास कसला ते कळलं.

"अण्णा, ही हळद आहे."

गाडीखाली पाना खडखडत राहिला.

"अण्णा!"

"व्हय, हळद हाय. ओरडतीस कशाला?" तो सरकत बाहेर आला. "गेल्या वर्षी रेडिएटर गळत होता. अक्कलकोट रोडवरचे ट्रकवाले काय करत्यात? मूठभर हळद टाकत्यात, भोक बंद. मी आपली दुकानातली चांगल्यातली टाकली. भेसळीची न्हाय."

भेसळीची नाही म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला. मसालेवाल्याच्या घरात गाडीलाही पहिल्या प्रतीची हळद. आणि वरून पाणी कुठलं, तर बोअरचं. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते भांडीकुंडी, पिंपं, बाटल्या भरून जपून ठेवायचं. ते प्यायचं पाणी गाडीला कोण पाजणार? अण्णानं इतकी वर्षं गाडीला बोअरचंच पाजलं. बोअरच्या पाण्यानं आमची बादली महिन्याभरात आतून पांढरीफटक होते, क्षार नखानं खरवडावे लागतात. त्या क्षारावर हळद बसली, हळदीवर गंज, आणि त्या चिखलातून माझ्या आईला दवाखान्यात नेणारी गाडी श्वास घेत होती. मला त्या घमेल्याची शिसारी आली, अण्णाच्या पिवळ्या नखांची आली, आणि गेलं वर्षभर आपण कशाच्या जिवावर बिनघोर गाडी चालवत होतो या विचाराची तर सगळ्यात जास्त आली.

अव्वा दारात खुर्ची टाकून बसली होती. तिच्या मांडीवर तिचं फुलपात्र होतं. त्यातलं ती घोटभरही पीत नव्हती, नुसते ओठ ओले करत होती.

आता आतलं सगळं धुवायचंच, असा मी हट्ट धरला आणि आम्ही बोअरची नळी लावली. वरून पाणी सोडायचं, इंजिन चालू करायचं, आतला हीटर पूर्ण उघडायचा म्हणजे त्याच्या नळ्यांतलंही निघतं, मग थंड होऊ द्यायचं आणि खालचं बूच उघडून सगळं सोडून द्यायचं. भर उन्हाळ्यात बंद गाडीत हीटर लावून बसायचं काम अर्थातच माझं. घामानं मी निथळत होते, आणि हीटरच्या जाळीतूनही तो हळदकुजका वास येत होता. एकदा दार उघडून मी खरंच गटारीवर वाकले. "एवढं काय?" अण्णा म्हणाला, आणि बोटानं बुचातला गाळ काढून पँटला पुसला. त्या पँटवरच पुढं तो जेवायला बसला. मी ताट घेऊन आत गेले.

बादलीमागून बादली गेली. आधी डबक्यासारखं, मग चहासारखं, मग फिकट. गल्लीच्या उतारावरून ओहोळ वाहत गेला. अव्वा त्याच्याकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, तिला पाण्याची नासाडी बघवत नसेल. दुपार कलली तेव्हा घमेल्यात पहिल्यांदा स्वच्छ पाणी पडलं, आणि मीही अण्णाकडं बघून हसले. खोटं कशाला सांगू, त्या घाणीनंतर ते पाणी बघून मला फार बरं वाटलं. शेवटी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि नवा हिरवा कूलंट निम्मा-निम्मा मिसळून भरला. इंजिन चालू ठेवून बुडबुडे जाईपर्यंत थांबलो.

बुडबुडे गेले, आणि खाली टप् आवाज आला. मग दुसरा. अण्णा वाकला. रेडिएटरच्या मधल्या जाळीतून हिरवा थेंब फुगत होता, सुटत होता, पुन्हा फुगत होता.

"झालं समाधान?" अण्णा उठला. "चालत होती की गाडी! भोक हळदीनं धरलं होतं. ते तू धुऊन काढायला लावलंस."

"मी? तू तो उकिरडा भरून ठेवला होतास आत! गुरुवारी तापली कशानं मग?"

"आता रविवारचा कोण रेडिएटरवाला उघडा असतोय, सांग. सकाळी सातला निघायचंय. मी हळद आणतो."

"खबरदार!" मी रेडिएटरच्या तोंडावर हाताचा पंजा ठेवला. गरम होतं, चटका बसला, तरी काढला नाही. "पुन्हा ती घाण आत गेली तर मी या गाडीत बसणार नाही."

"नको बसूस. अव्वाला मी पाठीवर घेऊन जातो."

"भांडू नगा," अव्वा म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आम्ही दोघंही तिच्याकडं वळलो.

"हळद नगं आन् काय नगं. उद्या मी येत न्हाय. साकु आता. पुरे झालं."

"असं कसं, अव्वा? गुरुवारी आधीच अर्धं झालंय..."

"गुरुवारी लई बरं वाटलं मला," ती म्हणाली. "तुमी तितं भांडत हुता. त्या बाईनं इचारलं, आजी, रस घेता का? मी व्हय म्हनलं. बरफ घातलेला, लिंबू पिळलेला. एक गिलास प्याले. मग आनि एक. मग पानी मागितलं, तिनं तांब्याच दिला. तांब्या तोंडाला लावून प्याले, यव्वा. किती वर्सानं गळ्याखाली गार वाटलं." तिनं मांडीवरच्या फुलपात्राकडं बघितलं. "सकाळधरनं बगतीय, त्या गाडीला किती पानी पाजलं तुमी."

अण्णा पायरीवर बसला. मी नर्सशी तावातावानं भांडले होते ते आठवून माझे कान गरम झाले. राग आला, अव्वाचाच आला, की जिवावर बेतणारी गोष्ट ही बाई लहान पोरीसारखी लपून करते. आणि त्याच वेळी तो तांब्या, तिचं वर झालेलं तोंड, गळ्यावरून ओघळणारं पाणी असं सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मला रडूच फुटलं. तिला काय सांगणार? पाणी छातीत चढलं म्हणजे माणूस पाण्यात बुडाल्यासारखं तडफडतं, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. तिला ते माहीत होतं.

"उद्या जायचं, अव्वा," मी म्हटलं. "माझ्यासाठी चल."

तिनं फुलपात्रातल्या पाण्यानं ओठ ओले केले. नाही असं म्हणाली नाही.

मी दुकानात गेले. हळदीचं पोतं उघडलं आणि मूठ भरली. वाटीत पाण्यात बोटानं कालवली. ज्या तोंडावर मघाशी हात ठेवला होता त्याच तोंडात मी माझ्या हातानं ती ओतली, त्या स्वच्छ, पोपटी, नव्या कूलंटमध्ये. पाहता पाहता त्याचा रंग गढूळला. अण्णा टोमणा न मारता स्टिअरिंगवर बसला, एवढे उपकार. इंजिन चालू केलं. थेंब मंदावले, मग थांबले.

सोमवारी सकाळी निघालो. अण्णानं डिकीत पाण्याचा कॅन ठेवला होता. मी गाडी चालवत होते, अव्वा मागं उशीला टेकून बसली होती. ऊन तेव्हाच चटके द्यायला लागलं होतं. काटा हळूहळू मध्यावर आला आणि तिथंच थांबला. अण्णा सारखा वाकून बघत होता. "हलत न्हाय बघ," तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला.

कुंभारी जवळ आली तेव्हा रसवंतीच्या चरकाची घुंगरं ऐकू यायला लागली. अव्वा उशीवरून सरळ झाली. आरशात मला दिसलं, तिनं काचेला हात टेकवला होता.

"आजून तापली न्हाय व्हय गं?" तिनं विचारलं.

मी काट्याकडं बघितलं. शांत मध्यावर बसलेल्या त्या काट्याची मला जेवढी शिसारी आली, तेवढी कालच्या घमेल्याचीही आली नव्हती.

"नाही, अव्वा."

"बरं," ती म्हणाली, आणि काचेवरचा हात काढून घेतला.